मॉनोवाय

मॉनोवाय : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी नेब्रॅस्का राज्याच्या बॉइड काउंटीतील एक अतिलघू, स्वशासित गाव. क्षेत्रफळ सु. ०.५ चौ. किमी.; लोकसंख्या १ (२०१०). हे ओमाहा शहराच्या वायव्येस सु. २६० किमी. अंतरावर, राज्यमार्ग क्र. १२ वर वसले आहे. याच्या पश्चिमेस लिंच हे गाव असून पूर्वेस नॉक्स काउंटीतील नायओब्रेरा हे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत एकच रहिवासी असलेले देशातील एकमेव विधिवत स्थापित गाव म्हणून मॉनोवाय प्रसिद्धीस आले. तथापि त्याचे महत्त्व या नवलापुरते मर्यादित नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशातील ग्रामीण वस्तीचा उदय व ऱ्हास या लहानशा गावाच्या इतिहासात स्पष्टपणे प्रतिबिंबित झाला आहे.

भूवर्णन : मिसूरी व तिची उपनदी नायओब्रेरा यांच्या दरम्यानच्या चढउतारांच्या गवताळ प्रदेशात मॉनोवाय आहे. या दोन नद्यांच्या मधून वाहणारा पाँका हा ओढा गावाजवळून जाऊन पुढे मिसूरीस मिळतो. मिसूरीच्या काठी चुनखडीयुक्त खडूचे थर उघडे पडलेले दिसतात. या खडकसमूहास नायओब्रेरा नदीवरूनच नाव मिळाले आहे. ओढ्यांच्या काठी कॉटनवुड व ओक, तर उतारांवर तांबडा सीडार हे वृक्ष आढळतात. उर्वरित भूमी मुख्यतः गवताची आहे. हवामान खंडांतर्गत व विषम असून हिवाळे कडक व उन्हाळे उष्ण असतात. वार्षिक पर्जन्यमान सु. ६० सेंमी. असून पावसाचा मोठा भाग वसंत ऋतू व उन्हाळा यांत पडतो. तथापि पर्जन्याचे प्रमाण वर्षागणिक बरेच बदलते. मका, सोयाबीन, चाऱ्याचे गवत आणि गोमांसासाठी गुरे पाळणे यांवर परिसराची अर्थव्यवस्था अवलंबून आहे.

इतिहास : मिसूरी व नायओब्रेरा यांच्या संगमाभोवतालचा प्रदेश ही पाँका या मूळ अमेरिकन जमातीची मायभूमी होय. १८७७ मध्ये अमेरिकन शासनाने पाँकांना येथून हलवून आजच्या ओक्लाहोमा राज्यातील प्रदेशात नेले. आपल्या मुलाचे अस्थिशेष पुरण्यासाठी मायभूमीकडे परतलेल्या स्टँडिंग बेअर या पाँका प्रमुखास अटक झाली. १८७९ मध्ये ओमाहा येथे चाललेल्या त्याच्या खटल्यात, मूळ अमेरिकन मनुष्य हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे, असा महत्त्वपूर्ण निर्णय देण्यात आला. नायओब्रेरा व किया पाहा या नद्यांच्या उत्तरेकडील भूभाग डकोटा प्रदेशातून काढून नेब्रॅस्कास जोडण्याचा कायदा १८८२ मध्ये संमत झाला. तो १८९० मध्ये अंमलात आला. त्यानंतर येथे बॉइड काउंटी संघटित होऊन ब्यूट हे तिचे मुख्य ठाणे झाले.

१९०२ मध्ये व्हर्डिग्रीपासून दक्षिण डकोटातील बोनस्टीलपर्यंत लोहमार्ग वाढविण्यात आला. त्यावरील एक स्थानक म्हणून मॉनोवायची आखणी झाली. परिसरात उगवणाऱ्या रानफुलांवरून, ‘फूल’ या अर्थाच्या मूळ अमेरिकन भाषेतील शब्दाने गावास नाव मिळाले, असे सांगतात. लोहमार्गावर ठराविक अंतराने गावे वसविण्याची त्या काळी पद्धत होती. शेतकऱ्यास घोडागाडीने धान्य आणून एका दिवसात घरी परतता यावे, हे त्यामागील गणित होते. डाकघर, शाळा, चर्च, किराणा दुकाने व धान्यकोठार अशा सोयी येथे उपलब्ध झाल्या. १९३० च्या सुमारास गावाची लोकसंख्या शंभर ते दीडशेच्या दरम्यान होती.

लोकसंख्या व ऱ्हासाची कारणे : त्यानंतर मात्र लोकसंख्या सातत्याने घटत गेली. जनगणनेनुसार ती १९८० मध्ये १८, १९९० मध्ये ६, २००० मध्ये २ व २०१० मध्ये १ होती. संपूर्ण बॉइड काउंटीचीही गती हीच आहे. १९१० मध्ये तिची लोकसंख्या ८,८२६ होती. २०२० मध्ये ती १,८१० झाली. म्हणजेच एका शतकात सु. चार पंचमांश लोकवस्ती नाहीशी झाली. या ऱ्हासास दुष्काळ, युद्ध वा रोगराई असे एकच कारण नाही. १८६२ च्या वसाहत कायद्याने कुटुंबास १६० एकर (सु. ६५ हेक्टर) भूमी देण्याचे धोरण होते. कमी पावसाच्या प्रदेशात एवढी भूमी कुटुंबाच्या निर्वाहास अनेकदा अपुरी ठरे. १९३० नंतरच्या दशकातील अवर्षण व मंदी यांनी अनेक शेतकरी उखडले गेले. पुढे ट्रॅक्टर व कापणीयंत्रे आल्यामुळे पूर्वी अनेक कुटुंबे करीत असलेले काम एकच कुटुंब करू लागले आणि शेते मोठी होत गेली. मोटारींमुळे दूरची बाजारपेठ जवळ आली. घोडागाडीच्या अंतरावर आखलेली गावे त्यामुळे अनावश्यक ठरली. लोहमार्गही कालांतराने बंद पडला. मॉनोवायचे डाकघर १९६७ मध्ये व शाळा १९७४ मध्ये बंद झाली. शाळा गेली, की लहान मुले असलेली कुटुंबे राहत नाहीत आणि अशी कुटुंबे नसली, की शाळा पुन्हा सुरू होत नाही. हे दुष्टचक्र मैदानी प्रदेशातील असंख्य गावांनी अनुभवले आहे.

प्रशासन : नेब्रॅस्काच्या कायद्याप्रमाणे १०० ते ८०० वस्तीच्या ठिकाणास गावाचा स्वशासित दर्जा मिळू शकतो. एकदा मिळालेला दर्जा लोकसंख्या घटल्याने आपोआप नष्ट होत नाही. तो रद्द करण्यासाठी स्वतंत्र कार्यवाही करावी लागते. मिनेसोटातील टेनी (२०११) व कॅनझसमधील फ्रीपोर्ट (२०१७) या अतिलघू नगरांतील मतदारांनी असे विसर्जन स्वीकारले. मॉनोवायने मात्र आपला दर्जा राखला. २००४ मध्ये दोघांपैकी एका रहिवाशाचे निधन झाल्यावर त्याची वृद्ध पत्नी एकटी राहिली. तिनेच नगराध्यक्ष, चिटणीस व कोषाध्यक्ष ही पदे सांभाळली. पथदिव्यांसाठीचा कर तीच आकारी व तीच भरी. आपल्या मद्यगृहाचा परवानाही तीच मंजूर करी. या दांपत्याने १९७१ मध्ये सुरू केलेले हे मद्यगृह व भोजनालय आसपासच्या शेतकऱ्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण बनले. पतीच्या संग्रहातील सु. ५,००० ग्रंथांचे एक छोटे ग्रंथालयही तिने खुले केले. गावात एकच व्यक्ती राहत असली, तरी गाव हे परिसराचे केंद्र असू शकते, हे यावरून दिसून येते.

जनगणनेतील प्रश्न : २०२० च्या जनगणनेत मॉनोवायची लोकसंख्या २ अशी प्रसिद्ध झाली, मात्र प्रत्यक्षात तेथे एकच व्यक्ती राहत होती. गणकांच्या चुकीमुळे हा फरक पडला नव्हता. गणनेत मिळालेली व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन अमेरिकेच्या जनगणना खात्यावर कायद्याने आहे. जेथे एकच रहिवासी आहे, तेथील वय, वंश इत्यादींचे कोष्टक म्हणजे त्या व्यक्तीचीच जाहीर माहिती होय. संगणकाच्या साहाय्याने निरनिराळी कोष्टके जुळवून व्यक्ती ओळखणे शक्य झाल्याने, २०२० मध्ये खात्याने राज्याहून लहान क्षेत्रांच्या आकड्यांत गणिती पद्धतीने यादृच्छिक व अल्प फेरफार केले. या तत्त्वास ‘भेददर्शी गोपनीयता’ म्हणता येईल. राज्यांच्या एकूण लोकसंख्येत फेरफार केलेला नसतो; मोठ्या शहरांच्या आकड्यांवर त्याचा परिणाम नगण्य असतो. अतिलघू गावाच्या बाबतीत मात्र एकाचा फरकही लोकसंख्या दुप्पट करतो. त्यामुळे अशा गावांचे प्रसिद्ध आकडे शब्दशः न घेता, अनेक गावांच्या वा काउंटीच्या बेरजेतूनच त्यांचा अर्थ लावणे इष्ट ठरते.

ग्रामीण वस्तीच्या अभ्यासकास मॉनोवाय दोन गोष्टी दाखविते. वस्तीचे अस्तित्व केवळ लोकसंख्येवर नव्हे, तर ते टिकविण्याच्या इच्छेवर व कायद्याच्या चौकटीवरही अवलंबून असते. तसेच लोकसंख्या जितकी लहान, तितकी ती अचूक मोजणे सोपे. परंतु ती अचूकपणे जाहीर करणे तितकेच कठीण असते.