हरणासाठी कोणतं पातं? एका न संपणाऱ्या वादातून संशोधनाचा प्रश्न काढताना

अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांचे व्हिडिओ कधी बघितले असतील, तर एक वाद हमखास कानावर पडला असेल: हरणासाठी बाणाला पातं कोणतं लावायचं? एका बाजूला स्थिर पात्यांवाले, दुसऱ्या बाजूला लागल्यावर उघडणाऱ्या मेकॅनिकल पात्यांवाले. शंभर ग्रेन की सव्वाशे? (एक ग्रेन साधारण 65 मिलिग्रॅमचा, म्हणजे शंभर ग्रेनचं पातं साडेसहा ग्रॅमचं.) दोन धारा की तीन? वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तो का मिटत नाही हे कळणं, माझ्या मते, पेटच्या पेपर एकच्या तयारीइतकंच उपयोगाचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे हा प्रश्न घेऊन दुकानात जायचं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे, बाणाने असो की बंदुकीने. माळेगाव बुद्रुकहून सुप्याकडे गेलं की मयूरेश्वर अभयारण्य लागतं. जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 साली घोषित झालेलं, आणि मुख्यतः चिंकारासाठी. (चिंकाराला आपण सरसकट हरीण म्हणतो, पण प्राणिशास्त्रात तो कुरंग. चितळ-सांबराची शिंगं गळून पुन्हा येतात, चिंकाराची कायम राहतात.) तिथे दुर्बीण न्यायची, बाकी काही नाही.

मग मला या वादात रस का? कारण हाच प्रश्न पुरातत्त्वात उलट्या बाजूने येतो. शिकाऱ्याकडे प्राणी समोर असतो आणि त्याला पातं निवडायचं असतं. आपल्याकडे पातं असतं, तेही बहुतेक वेळा तुटलेलं, आणि त्यावरून शिकार झाली का हे ठरवायचं असतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं तुम्हाला माहीत असतील. ताम्रपाषाण काळातली ही वस्ती साधारण इसवी सनपूर्व 1600 ते 700 मधली. तिथे गाईगुरं, शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर हरणांचीही हाडं मिळाली, आणि कॅल्सेडनीची लहान पातीही. शेवटच्या टप्प्यात हवामान कोरडं होत गेलं, शेती मागे पडली आणि शिकार-पशुपालन वाढलं, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. आता विचार करा. हाडं सांगतात की हरीण खाल्लं. ते मारलं कशाने? फासा, गोफण, भाला, की बाण? आणि ते पातं बाणात होतं की विळ्यात? इथे पात्याचं भौतिकशास्त्र कामाला येतं.

बारावीचं गणित करू. 25 ग्रॅमचा बाण सेकंदाला 50 मीटर वेगाने निघाला, तर त्याची गतिज ऊर्जा साधारण 31 ज्यूल. 160 ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी 130 किलोमीटरने आला, तर सुमारे 104 ज्यूल. म्हणजे चेंडूकडे तिपटीहून जास्त ऊर्जा, तरी तो फलंदाजाच्या बरगडीवर काळानिळा डाग ठेवून खाली पडतो. बाण आरपार जाऊ शकतो, कारण त्याची सगळी ऊर्जा एका धारेवर येते. बंदुकीची गोळी धक्क्यानेही इजा करते, बाण मात्र कापून, रक्तस्राव करून मारतो. म्हणून धार बोथट असेल किंवा पातं पुरेसं आत गेलं नसेल, तर जनावर मरत नाही. जखम घेऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात दोन दिवसांनी संपतं. अमेरिकेतल्या काही राज्यांत पात्याची किमान रुंदी कायद्याने ठरवलेली आहे, 7/8 इंच म्हणजे सुमारे 22 मिलिमीटर, ती याच भीतीपोटी.

पण रुंदी वाढवली की अडचण सुरू होते. रुंद पातं मोठी जखम करतं, पण त्याला विरोधही जास्त होतो, म्हणून ते कमी खोल जातं. मेकॅनिकल पातं तर उघडण्यातच थोडी ऊर्जा खर्च करतं. म्हणून हलक्या ताणाच्या धनुष्याला अरुंद, स्थिर पातं बरं पडतं. क्रॉसबोचं उलट. तिथे बाण इतक्या वेगात जातो की स्थिर पाती हवेत पंखासारखी वागतात, आणि ती जराशी वाकडी बसलेली असली तरी बाण भरकटतो. म्हणून बरेच क्रॉसबोवाले मिटलेलं मेकॅनिकल पातं पसंत करतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर! वाद मिटत नाही, कारण एक जण खोली मोजतोय, दुसरा जखमेची रुंदी, तिसरा नेम, आणि सगळे एकच शब्द वापरतात: 'चांगलं'.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणामकारक', 'उत्तम', 'प्रभावी' यांपैकी एखादा शब्द असेल, तर आत्ताच त्याखाली रेघ मारा. तिथे मोजता येणारी राशी हवी.

पुरातत्त्वात अशी एक राशी रूढ आहे: टोकाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ. दगडी टोकासाठी ढोबळ सूत्र म्हणजे रुंदी गुणिले जाडी, भागिले दोन. जॉन शे यांनी 2006 च्या लेखात संग्रहालयांत जपलेल्या, दांड्याला बसवलेल्या टोकांची मापं वापरली. बाणांची सरासरी 33 चौरस मिलिमीटर निघाली, फेकण्याच्या हलक्या भाल्यांची 58. त्यामुळे अनेक जण सुटं टोक मोजतात आणि आकडा 33 च्या जवळ आला की 'बाण' लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. 20 मिलिमीटर रुंद, 4 जाड टोक घ्या: उत्तर 40. आता 10 रुंद, 8 जाड: तेही 40. पण त्रिकोणी छेद धरला तर पहिल्याचा परीघ साडेएकेचाळीस मिलिमीटर, दुसऱ्याचा 29 पेक्षाही कमी. एक सुरी, दुसरा दाभण. क्षेत्रफळाला हा फरक दिसतच नाही. शिवाय बाणांची 33 ही सरासरी आहे आणि तिचं प्रमाण विचलन 20, म्हणजे बाण आणि भाले एकमेकांत चांगलेच मिसळलेले आहेत.

दुसरा मुद्दा लक्ष्याचा. जिवंत प्राण्यावर प्रयोग करायचा नाही, मग कशावर? कोणी जिलेटिनचं जेल वापरतं, कोणी कुंभाराची माती. माती स्वस्त आणि एकसारखी, पण ती कापली जात नाही, बाजूला सरकते. त्यामुळे धारेचा फायदा तिथे दिसतच नाही. वॅगेसपॅक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये कातड्याने झाकलेल्या जेलवर दगडी टोकाचे आणि नुसते तासलेले लाकडी बाण मारले. दगडी बाण जेमतेम दहा टक्के जास्त खोल गेले. मग माणसाने एवढा खटाटोप करून दगड का बसवला? जखमेसाठी, की प्रतिष्ठेसाठी? खोली हे एकच माप घेतलं तर हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडच्या सूक्ष्मास्त्रांत तर गोष्ट आणखी गुंतते. इथे एक मोठं पातं नसतं. चंद्रकोरी, त्रिकोणी असे छोटे तुकडे डिंक-राळेने दांड्याला चिकटवायचे, एक टोकाला, एखादा बाजूला. स्वीडनमध्ये लोशुल्ट इथल्या दलदलीत असा बाण तुकड्यांसकट टिकून राहिला. दख्खनच्या जमिनीत लाकूड टिकत नाही, आपल्या हाती फक्त तुकडा येतो. मग आधार उरतो तो मोडण्याच्या खुणांचा. फिशर आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये 1984 साली दाखवलं की आघाताने टोक मोडताना पायरीसारखे विशिष्ट भंग होतात. पुढे इतरांनी दाखवलं की जनावरांच्या पायाखाली तुडवलेल्या दगडांवरही थोड्या प्रमाणात तसेच भंग येतात. म्हणजे एका तुकड्यावरून निकाल देता येत नाही. अनेक तुकड्यांत अशा भंगांचं प्रमाण किती, हे बघावं लागतं. शिवाय धारेवर गवत कापल्याची चकाकी असेल, तर तो विळा असण्याची शक्यता आधी तपासायची.

असा प्रयोग कोणाला इथे करायचा असेल तर साहित्य महाग नाही. नीरा-भीमेच्या गोट्यांत अकीक, कॅल्सेडनी मिळते, दांड्यासाठी बांबू, लक्ष्यासाठी जेल. बाण हाताने सोडू नका, दर वेळी ताण बदलतो. क्रॉसबो चौकटीत घट्ट बसवा, मग वेग जवळजवळ सारखा राहतो. प्रयोगशाळेत त्याचं काम तेवढंच. निम्मे तुकडे नेमासाठी ठेवा, निम्मे गोठ्यात गुरांच्या पायाखाली टाका, आणि भंग वाचणाऱ्याला कोणता तुकडा कुठला हे सांगू नका. किती तुकडे लागतील, ते आधी दहा-बारा तुकड्यांची चाचणी घेऊन ठरवा.