सिमला ऑफिसपासून टांगेवाला कॉलनीपर्यंत

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यात मुठेवरचा भिडे पूल बुडतो आणि झेड ब्रिजच्या कठड्याशी गर्दी जमते. मीही त्या गर्दीत अनेकदा उभा राहिलो आहे. गढूळ पाण्याकडे बघत लोक बोलतात, त्यात काही वाक्यं ठरलेली असतात. "नदीसाठी जपानने एवढे पैसे दिले, ते गेले कुठे?" "माणसंच एवढी वाढलीत, पूर येणारच." "त्या जागतिक हवामान परिषदांचा आपल्याला काय उपयोग?" हे प्रश्न तळमळीने विचारलेले असतात. पुरात माणसं जातात, म्हणून त्यांची उत्तरंही नीट द्यायला हवीत.

आधी जपानचं. मुळा-मुठेच्या प्रदूषणमुक्तीसाठी आलेला पैसा म्हणजे देणगी नव्हे. जायका, म्हणजे जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था, हिने जानेवारी 2016 मध्ये भारत सरकारला सुमारे 1,900 कोटी येन कर्ज देण्याचा करार केला. व्याज कमी, मुदत लांब, पण परतफेड आहेच, आणि ती केंद्र सरकारने करायची आहे. महापालिकेला खर्चाचा 85 टक्के वाटा केंद्राकडून अनुदान म्हणून मिळायचा, असं ठरलं. मूळ अंदाज सुमारे 990 कोटी रुपयांचा होता आणि काम होतं 11 नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं बांधण्याचं. प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली, त्यामुळे लोकांचा राग समजण्यासारखा आहे. मात्र हा प्रकल्प सांडपाण्यासाठी आहे, पूर अडवण्यासाठी नाही. नदीकाठावर दिसणारं भराव आणि घाटांचं काम हा महापालिकेचा वेगळा नदीकाठ सुधार प्रकल्प आहे. या दोन्हींची सरमिसळ झाली की जाब कुणाला विचारायचा तेच कळेनासं होतं.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे हात पसरणं, हा समज मला सर्वांत जास्त खुपतो, कारण हवामानाच्या बाबतीत पुणं देणाऱ्यांत आहे. शिवाजीनगरच्या चौकाला आपण सहज 'सिमला ऑफिस' म्हणतो. ते नाव पडलं, कारण 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी नोंदी घेणं थांबलं नाही. सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओततात, नजर पाण्याच्या रेषेशी आणतात आणि मिलिमीटरचा आकडा लिहितात. साडेआठच का? तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार तीन वाजलेले असतात आणि जगभरची केंद्रं त्याच क्षणी नोंद घेत असतात. जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यातून देश एकमेकांना अशा नोंदी विनामूल्य देतात. त्यांच्याशिवाय पुण्यातल्या पावसाचा अंदाजही बांधता येणार नाही, कारण आपले ढग अरबी समुद्रावरून येतात आणि समुद्राला सरहद्द नसते.

पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था याच्या पुढे गेली. तिथे तयार झालेलं हवामानाचं प्रारूप आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, सहाव्या अहवालासाठी वापरलेल्या जागतिक प्रारूपांमध्ये होतं. भारतातून तिथवर पोचलेलं ते पहिलं प्रारूप. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे भारतीय, अमेरिकी व फ्रेंच सहकारी यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. परिषदांमध्ये भारत जेव्हा आपली बाजू मांडतो, तेव्हा त्यामागे असा पुरावा असतो.

परिषदांमधून लगेच पैसे येतील, हाही भ्रमच. हवामान बदलाची झळ बसलेल्या देशांसाठीचा हानी व नुकसान निधी 2022 मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत मान्य झाला, 2023 मध्ये दुबईत सुरू झाला. तेव्हा जाहीर झालेली रक्कम साधारण 70 कोटी डॉलर, तीही साऱ्या विकसनशील जगासाठी. आपल्याकडे पूरग्रस्ताच्या हाती पडणारी मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. त्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25.

आता लोकसंख्या. पुणं फुगलं आहे, हे खरं. 2011 च्या जनगणनेत शहरात 31 लाखांवर माणसं होती. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं हद्दीत आली. पण ही वाढ घरोघरी जास्त मुलं होतात म्हणून झालेली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 आहे. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतो. माणसं इथे शिकायला, कामाला येतात आणि परवडेल तिथे राहतात.

परवडेल ती जागा बऱ्याचदा ओढ्याकाठी असते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरावरून आंबिल ओढा फुगून आला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक जीव गेले. त्या रात्री ओढ्याला धरणाचं पाणी आलेलं नव्हतं. ज्या पात्रात तो पूर्वी पसरत असे, तिथे भराव पडले होते, भिंती उभ्या राहिल्या होत्या, मोऱ्या अरुंद होत्या. शहरात माणसं निम्मी असती आणि पात्र तेवढंच आवळलेलं असतं, तरी पाणी त्याच घरांत शिरलं असतं.

संयुक्त राष्ट्रांनी 2027 अखेर जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत आपत्तीचा पूर्वइशारा पोचवायचं ठरवलं आहे. पण 25 जुलै 2024 च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं, तेव्हा कुणी कळवलंच नाही, असं रहिवासी सांगत होते. सिमला ऑफिसपासून टांगेवाला कॉलनी पाच-सहा किलोमीटरवर आहे. उपग्रह, प्रारूपं, परदेशी नोंदी हे सगळं शिवाजीनगरपर्यंत पोचतं. तिथून पुढे मध्यरात्री कॉलनीतलं दार कोण वाजवणार, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर पावसाळ्याआधी गल्लीतल्या भिंतीवर लिहिलेला हवा.