ड्रिलच्या फटी तेलासाठी नसतात

"मशीन खरखरतंय ना? मग त्या फटीतून दोन थेंब तेल सोड." ड्रिल मशीनबद्दलचा हा सल्ला इतक्या शहाण्यासुरत्या माणसांकडून ऐकू येतो की हल्ली ऐकल्याबरोबर हात कपाळावर जातो. सोसायटीतला हौशी कारागीर हेच सांगतो, हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला हेच सांगतं. खोबरेलसुद्धा चालतं म्हणणारे महाभाग आहेत. नाही चालत. शिलाई मशीनचं तेल नाही, आणि गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नाही.

या समजुतीचं मूळ बहुधा शिलाई मशीनमध्येच असावं. तिथे तेल सोडायला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. ड्रिलच्या अंगावर दिसणाऱ्या फटी मात्र हवेसाठी असतात. मोटारीच्याच दांड्यावर आत एक पंखा बसवलेला असतो. तो या फटींतून हवा खेळवतो आणि कॉइल थंड ठेवतो.

घरगुती 600 वॅटच्या ड्रिलचा चक, म्हणजे बिट धरणारा भाग, बिनओझ्याचा मिनिटाला 3000 च्या आसपास फेरे मारतो. गिअरच्या अलीकडची मोटार त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरत असते. मोटारीच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोचवायची तर त्याला सतत टेकून राहणारं काहीतरी हवं, आणि ते काम कार्बन करतात. बोटाच्या पेराहून लहान अशा या दोन वड्या स्प्रिंगने कम्युटेटरवर दाबलेल्या असतात. कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्या गोलाकार मांडलेला भाग. दोन पट्ट्यांच्या मध्ये वीज अडवणारी बारीक खाच असते. कार्बन झिजतो तशी त्याची काळी भुकटी होते. ती कोरडी असेपर्यंत पंखा बरीचशी बाहेर फेकतो. तेल पडलं की ती भुकटी आणि भिंतीतून उडालेली सिमेंट-विटेची धूळ मिळून काळा चिखल होतो, आणि तो नेमका त्या खाचांत जाऊन बसतो. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे जिथे ती अडायला हवी तिथेच तिला वाट मिळते. ठिणग्या वाढतात, पट्ट्या करपतात आणि एक दिवस आर्मेचर जळतं. मग मालक रिवाइंडिंगवाल्यासमोर उभा राहून म्हणतो, "हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही."

"पण तेल टाकल्यावर माझ्या मशीनचा आवाज गेला होता!" गेला असेल. बेअरिंगपर्यंत एखादा थेंब पोचला की काही दिवस बरं वाटतं. पण त्या बेअरिंगमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं. तेलाने ते पातळ होऊन बाहेर येतं आणि बेअरिंग आणखी लवकर जातं. वाजणारं बेअरिंग बदलायचं असतं.

तेला-ग्रीसला ड्रिलच्या कामात जागाच नाही असं नाही. लोखंडाला भोक पाडताना बिटच्या टोकाशी तेल हवंच, नाहीतर टोक तापून धार जाते. रोटरी हॅमरच्या एसडीएस बिटच्या शेपटीला ग्रीसचं बोट लावायला तर बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकाच सांगतात. गिअरचं ग्रीस मेकॅनिक मशीन खोलून बदलतो. फटींच्या वाट्याला मात्र कोरडा ब्रश आणि ब्लोअरची हवा, तीही प्लग काढून. छताला भोकं पाडली असतील तर त्याच दिवशी साफ करा, कारण सगळी धूळ खाली मशीनवरच पडते.

फटीतून ठिणगी दिसली की मशीन संपलं, हा तेलाच्या गैरसमजाचाच धाकटा भाऊ. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणारच. कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं, लांब पिवळ्या ठिणग्या आल्या किंवा जळका वास आला, तर थांबायचं. पुष्कळदा फक्त कार्बन संपलेले असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात जुन्या मॉडेलचेही कार्बन मिळतात. दोन्ही एकदमच बदलावेत. नवे बसवताना कम्युटेटरवरचा चॉकलेटी थर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका. तो थर मळ नाही. त्याच्यामुळेच कार्बन कमी झिजतात.

असे आणखीही गैरसमज आहेत. "दोन पिनांचं मशीन, म्हणजे हलका माल." पाटीवर चौकोनात चौकोन असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं मशीन आहे. आयईसी 61140 या आंतरराष्ट्रीय मानकात त्याला क्लास 2 म्हणतात, आणि त्याची सुरक्षितता अर्थिंगवर अवलंबून नसते. मात्र हे इन्सुलेशन कोरडं आणि स्वच्छ असलं तरच भरवशाचं. ओल्या जागी ते वापरायचंच नाही, आणि घरात वीजगळती होताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेली बरी.

जोर लावला की भोक लवकर पडतं? मोटार मंदावते, तिच्यासोबत पंखाही मंदावतो, आणि नेमकी तेव्हाच कॉइल सर्वात जास्त तापलेली असते.

हातमोजे घातले की हात सुरक्षित? सैल मोजा फिरत्या बिटमध्ये गुंतला तर हातही ओढला जातो. चष्मा घाला, तो बहुतेक जण विसरतात.

टाइलवर हॅमर मोड लावणाऱ्यांना तडा गेलेली टाइल काय ते समजावेल.

बॅटरीचं ड्रिल पूर्ण उतरवूनच चार्ज करायचं, हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीबरोबर गेला. लिथियम-आयन बॅटरी अर्धवट असताना चार्ज केलेलीच बरी.

आणि "बंद आहे ना, मग बिट बदलताना प्लग कशाला काढायचा?" ट्रिगरजवळच्या लॉकच्या बटणासाठी. लॉक दाबून काम चालू असताना लाइट गेली, मशीन तसंच खाली ठेवलं आणि चकला चावी लावली. बऱ्याच साध्या मशीनमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणं अडवणारी सोय नसते. लाइट आली की चक चावीसकट फिरू लागतो.