घरात संगणक आणताना : निवड, मांडणी आणि निगा

आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या पिढीची मुले आज महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. प्रवेशाचे अर्ज, सामायिक परीक्षांची नोंदणी, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, प्रकल्पाचे अहवाल ही सर्व कामे आता संगणकाशी बांधली गेली आहेत. मोबाईलवर अर्ज कसाबसा भरता येतो. परंतु वीस पानांचा अहवाल लिहिणे, तक्ते करणे किंवा संगणकाची भाषा शिकणे यासाठी कळफलक व मोठा पडदा लागतोच. म्हणून अनेक घरांत बोनस, भिशी किंवा पिकाच्या पैशातून संगणक घेण्याचा विचार होतो. हा पैसा कष्टाचा असतो आणि असा खर्च पुन्हा लवकर करता येत नाही. यास्तव खरेदीपूर्वी व खरेदीनंतर कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत.

आधी काम, मग यंत्र

दुकानात जाण्यापूर्वी घरातील कोण, कोणत्या कामासाठी संगणक वापरणार आहे, हे कागदावर लिहून काढावे. मूल वसतिगृहात राहणार असेल, तर लॅपटॉप घ्यावा. संगणक घरातच राहणार आणि दोन-तीन भावंडे तो वापरणार असतील, तर डेस्कटॉप सोयीचा. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि पुढे क्षमताही वाढविता येते. मात्र जेथे वीज वारंवार जाते, तेथे स्वतःची बॅटरी असलेल्या लॅपटॉपचा लाभ मोठा आहे.

लेखन, अभ्यास व प्राथमिक प्रोग्रॅमिंग यांसाठी ८ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी होते. एसएसडी म्हणजे माहिती साठविणारा असा भाग, ज्यात फिरणारी तबकडी नसते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कपेक्षा ती कितीतरी पटीने वेगवान असते. पैसे मोजकेच असतील तर ते रंगीत दिवे व मोठे स्पीकर यांऐवजी रॅम व एसएसडी यांवर खर्च करावेत. पाच वर्षांनंतरही संगणक कामाचा राहतो, तो यांच्याच बळावर.

नावाला भुलू नये

'आय-५ आहे, आय-७ आहे' असे सांगून जुनी यंत्रे स्वस्तात विकली जातात. येथे नावापुढील आकडा पाहणे अगत्याचे आहे. उदाहरणार्थ, 'आय-५ ३४७०' हा इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर आहे. तर 'आय-३ १२१००' हा बाराव्या पिढीचा आहे. नावाने धाकटा असलेला हा दुसरा प्रोसेसर पहिल्यापेक्षा पुष्कळ वेगवान आहे.

जुना संगणक घेणे गैर नाही. परंतु विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि विंडोज ११ साठी इंटेलचा सामान्यतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र घेतल्यास त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली टाकून घ्यावी. लेखन व तक्त्यांसाठी लिबर ऑफिस हेही विनामूल्य उपलब्ध आहे. चोरीची विंडोज टाकून घेण्याचे मुळीच कारण उरत नाही.

खरेदी करताना जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मागावे आणि त्यावरील अनुक्रमांक यंत्रावरील अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. कच्च्या पावतीवर वॉरंटी मिळविणे कठीण जाते. 'बिनव्याजी' हप्त्यांच्या योजनेत प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास सूट किती, हे दोन्ही प्रश्न विचारून मगच सही करावी. प्रिंटरची घाई करू नये; वर्षातून चार-सहा वेळाच छपाई होणार असेल तर इंकजेटमधील शाई वाळून जाते आणि बाहेरून छापून आणणेच परवडते.

वीज आणि जागा

डेस्कटॉपच्या लोखंडी पेटीस हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग सदोष असण्याची शक्यता असते. संगणक आणण्यापूर्वीच वायरमनकडून ते तपासून घ्यावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून मधली जाड पिन काढून टाकण्याची सवय धोक्याची आहे. तीच अर्थिंगची पिन होय. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस जोडल्यास वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर जोडू नये.

वीजबिलाची धास्ती अनेकांना वाटते. १०० वॅट वापरणारा डेस्कटॉप १० तास चालविल्यास एक युनिट होते. ५० वॅटच्या लॅपटॉपला तेवढ्याच युनिटात २० तास मिळतात.

संगणक चुलीच्या धुरापासून व खिडकीतून येणाऱ्या पावसापासून दूर ठेवावा. मागील हवेची जाळी भिंतीला चिकटू देऊ नये आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. तो घराच्या सामाईक जागेत असावा आणि वापराच्या वेळा ठरवून द्याव्यात. मुलाला संध्याकाळचे सलग तीन तास आणि मुलीला घरकाम आटोपल्यानंतर उरलेला वेळ, अशी वाटणी होत असेल तर ती आधी मोडली पाहिजे.

पहिल्या दिवसाची कामे

सुरक्षा-सुधारणा उतरवून घ्याव्यात. घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र खाते व पासवर्ड असावा. विंडोजमध्ये डिफेंडर हे विषाणूरोधक आधीपासूनच असते; ते चालू ठेवावे.

त्यानंतर भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात. रोज अर्धा तास सराव केल्यास तो हातात बसतो. विंडोजची खूण असलेली कळ व स्पेसबार एकत्र दाबल्यास मराठी-इंग्रजी अशी अदलाबदल होते. लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाँटमध्ये टंकलेले लेखन तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात.

शेवटचे काम आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आजी-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले हे सर्व स्वच्छ स्कॅन करून प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे. त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर व एक प्रत ऑनलाइन साठवणीत असावी. इतिहासाच्या अभ्यासकास ठाऊक असते की, कागद हरवला की हक्क सिद्ध करणे दुष्कर होते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एक दाखला सापडला नाही म्हणून वैधता प्रमाणपत्र रखडते आणि प्रवेश धोक्यात येतो. जेथे आजोबा शाळेतच गेले नव्हते, त्या घरात महसुलाचा वा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा एखादा जुना उतारा तितकाच जपावा.

संगणक शिकवीत नाही, शिकणाऱ्याला साथ देतो. ती साथ घरातील प्रत्येक मुलामुलीला सारख्या वाट्याने मिळावी, एवढीच आमची पालकांना विनंती आहे.