बडोद्याच्या विद्यापीठात चित्र, नाच आणि गाण्याची पदवी कशी सुरू झाली? आणि इथली परीक्षा पोलिसांपर्यंत का पोहोचते?

गणिताच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधली जाते आणि परीक्षकाशिवाय ती कुणी पाहत नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याचं मात्र तसं नसतं. त्याची उत्तरपत्रिका भिंतीवर टांगलेली असते. नाटकाच्या विद्यार्थ्याला तर ती प्रेक्षकांसमोर उभं राहूनच सोडवावी लागते.

साधा वाटणारा हा फरक बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला दोनदा चांगलाच महागात पडला. ललित कला आणि प्रयोगजीवी कला विद्यापीठात शिकवण्याची देशातली महत्त्वाची सुरुवात जिथे झाली, त्याच ठिकाणी हे घडलं. हे प्रकरण समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

गाण्याचा वर्ग भरला १८८६ मध्ये

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड तिसरे या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्या संस्थानात १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली. ती चालवली मौलाबख्श यांनी.

तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी राहायचं, त्याची सेवा करायची आणि तो देईल तेव्हा तालीम घ्यायची. मौलाबख्श यांनी स्वरलिपी तयार केली. लिहून ठेवता येणारं गाणं एका वेळी अनेकांना शिकवता येतं, त्याचा अभ्यासक्रम ठरवता येतो आणि परीक्षाही घेता येते. पुढे सूफी विचार पाश्चात्त्य देशांत नेणारे हजरत इनायत खान हे याच मौलाबख्श यांचे नातू.

१९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच.

नृत्य इथे आलं ते तंजावरहून. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई तंजावरच्या. १८८० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि त्यांच्यासोबत तिथले नर्तक-वादकही बडोद्याच्या दरबारात आले. त्याच परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर पुढे विद्यापीठात भरतनाट्यम शिकवत होते. दरबारात वाढलेली कला वर्गात आली, ती अशी.

मग १९५० मध्ये काय बदललं?

१९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. संविधान सभेच्या सदस्य असलेल्या मेहता या मुली आणि मुलं एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या भारतातल्या पहिल्या महिला कुलगुरू मानल्या जातात. जुनी संगीत शाळा विद्यापीठात आली आणि १९५० मध्ये ललित कलांची स्वतंत्र फॅकल्टी उभी राहिली.

मुंबईतलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून होतंच. पण तिथून मिळायचा तो डिप्लोमा. बडोद्याने चित्रकार आणि शिल्पकाराला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यासारखीच पदवी देऊ केली. पदवी मिळाली की पदव्युत्तर शिक्षण, संशोधन आणि प्राध्यापकाची नोकरी, ही सगळी दारं उघडतात.

शिकवण्याची पद्धतही वेगळी ठेवली गेली. इंदूरमध्ये जन्मलेले मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. शांतिनिकेतनमध्ये शिकलेले शंखो चौधुरी शिल्पकलेकडे आले, पाठोपाठ के. जी. सुब्रमण्यन आले. समोर ठेवलेला पुतळा हुबेहूब काढणं एवढ्यावर भागत नव्हतं. विद्यार्थ्याला कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र वाचावं लागायचं. संग्रहालयशास्त्राचा विभागही इथे १९५० च्या दशकातच सुरू झाला.

ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, भूपेन खक्कर, विवान सुंदरम, मृणालिनी मुखर्जी ही नावं इथूनच पुढे आली. नसरीन मोहमदी इथे शिकवत होत्या. १९६० च्या दशकापासून भरणाऱ्या फाईन आर्ट्स फेअरमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, बाहुल्या, मातीच्या वस्तू करून विकू लागले. कलाकाराने लोककारागिरांकडूनही शिकावं, हा सुब्रमण्यन यांचा आग्रह त्यामागे होता.

वाद नेमका कुठे होतो?

वर्षाच्या शेवटी विद्यार्थी आपलं काम स्टुडिओत मांडतात. त्याला सगळे 'डिस्प्ले' म्हणतात. परीक्षक फिरून काम पाहतात, प्रश्न विचारतात आणि गुण देतात. इतर वर्गांतली मुलंही तिथे येतात, कारण दुसऱ्याचं काम पाहणं हा शिकण्याचाच भाग आहे.

मे २००७ मध्ये असाच डिस्प्ले सुरू असताना बाहेरून आलेल्या काही जणांनी एका विद्यार्थ्याच्या चित्रांवर आक्षेप घेतला. हिंदू आणि ख्रिस्ती प्रतिमांचा अपमान झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी विद्यार्थ्याला अटक केली. काही दिवसांनी त्याला जामीन मिळाला.

त्याच्या समर्थनार्थ विद्यार्थ्यांनी भारतीय कलापरंपरेतल्या शृंगारिक प्रतिमांचं प्रदर्शन लावलं. ते बंद करायला फॅकल्टीचे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. देशभरातल्या कलाकारांनी निषेध केला.

त्या विद्यार्थ्याची पदवी मात्र अडकून पडली. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात आग लावल्याच्या आरोपाखाली त्यालाच पुन्हा अटक झाली, तेव्हा इतकी वर्षं निकाल न मिळाल्याची त्याची तक्रार समोर आली.

मे २०२२ मध्ये पुन्हा तेच घडलं. बलात्काराच्या बातम्यांची कात्रणं वापरून देवतांच्या प्रतिमा केल्याचा आक्षेप एका विद्यार्थ्याच्या कामावर घेतला गेला. गुन्हा दाखल झाला आणि विद्यापीठाने विद्यार्थ्याला काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

हे फक्त बडोद्यापुरतं आहे का?

नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं एक नाटक बंद पाडलं गेलं. रामलीलेतल्या कलाकारांच्या पडद्यामागच्या गमतींवर ते बेतलेलं होतं आणि परीक्षेचा भाग होतं. सीता आणि रामाची भूमिका करणारी पात्रं आक्षेपार्ह पद्धतीने दाखवली, अशी तक्रार झाली. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला.

दोन्ही बाजू काय म्हणतात?

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं की, लोकांनी पाहिलं की ते सार्वजनिक झालं. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात कुणाच्या श्रद्धा दुखावता कामा नयेत आणि परीक्षा आहे म्हणून कायद्यातून सूट मिळत नाही.

कलाशिक्षकांचं म्हणणं वेगळं आहे. विद्यार्थ्याचं काम अजून कच्चं असतं. ते चुकलं असेल तर परीक्षक गुण कापतील, शिक्षक समजावतील. निबंध आवडला नाही म्हणून कुणी परीक्षार्थीला पोलिसांच्या ताब्यात देत नाही, मग चित्राला वेगळा न्याय का?

इथे अडचण व्यवस्थेची आहे. कला विद्यापीठात आणताना तिला वेळापत्रक, गुणपत्रिका आणि पदवी मिळाली. पण परीक्षेसाठी मांडलेलं काम किती खासगी आणि किती जाहीर, ते कुणी पाहावं आणि तक्रार आली तर आधी कुणी ऐकून घ्यावी, हे मात्र स्पष्ट ठरलेलं दिसत नाही. त्यामुळे तक्रार विभागाच्या समितीकडे न जाता थेट पोलीस ठाण्यात जाते.

त्याचा परिणाम दरवर्षी प्रवेश घेणाऱ्या मुलांवर होतो. आपलं चित्र परीक्षकाशिवाय आणखी कोण पाहील, हा विचार करूनच त्यांना ब्रश उचलावा लागतो.