उड्डाणाआधीचं रॉकेट

भाच्याच्या लॅपटॉपवर रॉकेट तयार होतं. पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचा नोज कोन, बाल्सा लाकडाचे तीन पंख. उड्डाणाची जागा म्हणून त्याने आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणालगतचं एक रिकामं शेत धरलं होतं. पण रॉकेट पडद्यावरच उडवून पाहू देणारा ‘ओपनरॉकेट’ हा प्रोग्राम आपणहून जे अक्षांश-रेखांश धरतो, ते फ्लोरिडाचे. “मामा, आपण अजून अमेरिकेतच उभे आहोत,” म्हणत त्याने 20.87 आणि 79.62 हे आकडे भरले.

फिनलंडच्या साम्पो निस्कानेन यांनी 2009 साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी हा प्रोग्राम लिहिला. हौशी मंडळींकडे तोवर विकतचे प्रोग्राम होते, पण त्यांच्या पोटातलं गणित बंद. निस्कानेन यांनी जावामधला कोडही खुला केला आणि त्यामागची समीकरणंही सविस्तर मांडली. त्यांचा पाया जेम्स बॅरोमन यांच्या 1967 च्या प्रबंधाचा. बॅरोमन नासात साउंडिंग रॉकेटांवर, म्हणजे वरच्या हवेची मोजमापं घेणाऱ्या रॉकेटांवर काम करत. थुंब्याहून 1963 साली उडालेलं पहिलं रॉकेटही त्याच जातीचं.

खरी गंमत पंखांत आहे. पडद्यावर निळं वर्तुळ म्हणजे वजनाचा मध्य, लाल ठिपका म्हणजे हवेच्या दाबाचा मध्य. लाल हा निळ्याच्या मागे, निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. भाच्याने वजन वाचवायला पंख कापत नेले, तसा लाल ठिपका पुढे सरकत निळ्याला भिडला. असं रॉकेट हवेत कोलांट्या खातं. मग त्याने पंख भलतेच मोठे केले. आता रॉकेट इतकं स्थिर झालं, की वाऱ्याचा झोत आला की वातकुक्कुटासारखं त्याच्याकडेच तोंड वळवू लागलं.

वाऱ्याचा हिशेब आमच्याकडे महत्त्वाचा, कारण बाजूला अथांग पाणी. तीनशे मीटरवरून पॅराशूट सेकंदाला पाच मीटर या वेगाने उतरलं, तर साठ सेकंद हवेत. वारा सेकंदाला चार मीटर असेल, तर रॉकेट तेवढ्यात 240 मीटर वाहत जातं. म्हणजे वैनगंगेत. भाच्याने पॅराशूट लहान केलं, मग जमिनीवर आदळण्याचा वेग वाढला. दोन्हीकडून ओढाताण. सेकंदाचा बारीकसा तुकडा घ्यायचा, बळं मोजायची, रॉकेट तेवढं पुढे सरकवायचं, पुन्हा मोजायचं, असं प्रोग्रामचं हे सगळं गणित चालतं.

निकाल ब्रह्मवाक्य नव्हे. साध्या रॉकेटच्या उंचीत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक धरून चालावं, असं निस्कानेन यांच्याच कामातून निघतं. बॅरोमन यांची समीकरणं रॉकेट वाऱ्याला फारसं तिरकं नाही असं गृहीत धरतात; वाकडा चिकटवलेला पंख त्यांना दिसत नाही. पण गृहीतक कुठे मोडतं हे उघडून वाचता येतं, म्हणून मला हा प्रोग्राम विकतच्यापेक्षा मोलाचा वाटतो. फुकट मिळतो हे त्यापुढे किरकोळ. अर्थात हा प्रोग्राम आता स्वयंसेवक सांभाळतात, आणि स्वयंसेवकांचं काम स्वयंसेवकांच्या सवडीनेच होतं. आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना, 15.03 नंतरची पुढची पक्की आवृत्ती थेट 22.02!

मोटरही यादीतून निवडायची. ‘सी 6-5’ म्हणजे सी गटाचा एकूण आवेग, सरासरी सहा न्यूटन रेटा आणि इंधन संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट. पडद्यावर हे एका क्लिकचं काम. प्रत्यक्षात घरी बारूद भरणं जीवघेणं आहे आणि परवान्याशिवाय 1884 च्या स्फोटक कायद्यानुसार गुन्हाही. भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट झाला आणि तिथल्या कामगारांचे जीव गेले. तिथे तर सगळं शिकलेल्या हातांनी चालतं.

तेव्हा घरात असं वेड लागलेलं पोर असेल, तर प्रोग्राम जरूर उतरवून द्या, पंख हवे तितके कापू द्या. मोटरचा विषय निघाला, की मात्र परवानाधारक जाणकार सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.