उचलीवर उतारा

२०२० च्या पावसाळ्यात ठाण्या-डोंबिवलीत घरोघरी काढा उकळत होता. सुंठ, मिरी, दालचिनी स्वयंपाकघरात होतीच. गुळवेल मात्र फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांनी तोवर नुसती ऐकलेली, आणि त्या वर्षी तिच्या चूर्णाला, वटीला, रसाला एकाएकी भाव आला. कल्याणहून कसारा लोकल पकडून आसनगावला उतरलं की पुढे जो शहापूर तालुका लागतो, तिथे ही वेल ऐनावर, सागावर, कडुनिंबावर वाट्टेल तशी चढलेली असते. तिथल्या कातकरी आदिवासींना ती आजी-पणजीपासून ठाऊक आहे. तापावर ती द्यायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ती मुंबईच्या व्यापाऱ्याला आणि औषध कंपन्यांना विकता येते, हे मात्र नवं होतं.

सुनील पवार या कातकरी तरुणाने दहा-बारा सवंगड्यांना घेऊन स्थानिक बाजारात कच्ची गुळवेल विकायला सुरुवात केली होती. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था हे त्यांच्या उद्योगाचं छत्र. केंद्र सरकारच्या वनधन योजनेची मदत मिळाली आणि या मुलांची गाठ डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा नावांशी पडली. केंद्राच्या निवेदनानुसार त्यांना ३५० टन गुळवेलीची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. वर्तमानपत्रांनी ‘कोट्यधीश कातकरी’ छापाचे मथळे द्यावेत इतका हा आकडा गोजिरवाणा होता.

जरा भागाकार करू या. साडेतीनशे टन म्हणजे साडेतीन लाख किलो. त्याने १ कोटी ५७ लाखांना भागलं की किलोमागे हातात येतात साधारण ४५ रुपये, आणि तेही जंगलात फिरून वेल शोधणारे, तोडणारे, वाळवणारे, पोती भरणारे अशा सगळ्यांत वाटायचे. औषधाच्या दुकानात शंभर ग्रॅम चूर्णाच्या डबीवर याहून मोठा आकडा छापलेला असतो. म्हणजे कोटी हा शब्द ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तरीही शहापूरचा हा प्रयोग महत्त्वाचा आहे, आणि त्याचं कारण रकमेत नाही. ते पैसे वर्षाच्या कोणत्या महिन्यात हातात येतात, यात आहे.

ते कळायला कातकरी घराचं वर्ष बघावं लागतं. जेठ-आषाढात भातलावणीची मजुरी मिळते. श्रावण ते अश्विन हे खडतर महिने. लावणी संपलेली, कापणी दूर, रानात चिखल, घरात दाणा नाही. पोळा, गणपती तोंडावर, कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप. नेमका याच दिवसांत वीटभट्टीवाला शेठ किंवा त्याचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो, म्हणजे भट्टीवरच्या मजुरीचे आगाऊ पैसे. कुणी तिला बयाणा म्हणतात. त्या क्षणी तिची गरज इतकी असते की अटी विचारायच्या नसतात. मग दिवाळी झाली की टेम्पो येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं भरून अख्खं कुटुंब भिवंडी, कल्याण, पनवेलच्या भट्ट्यांवर जातं. नवरा-बायको रात्री उठून चिखल तुडवतात, साचे पाडतात. दर हजार विटांचा हिशेब होतो, पण तो शेवटी. मधल्या काळात आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे तांदूळ, मिरची, मीठ घेण्यापुरते पैसे. पाऊस तोंडावर आला की शेठ वही उघडतो, खर्ची आणि उचल वजा करतो, आणि बऱ्याचदा वहीत कातकऱ्याच्याच नावावर काही बाकी उरते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर.

डोंबिवलीतल्या, कल्याणमधल्या कित्येक इमारतींच्या भिंतींत या हिशेबाच्या विटा आहेत. ही भाषा भावनेची वाटेल, पण वीट कुठून येते हे शहराने कधी विचारलेलं नाही, एवढं खरं.

देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. ठाणे जिल्ह्यात तो कागदावरून वाडीवर आणायला श्रमजीवी संघटनेसारख्यांना पुढची कित्येक वर्षं झुंजावं लागलं. संघटनेच्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या घरी राबणाऱ्यांना सोडवलं, तेव्हा शिक्षित मध्यमवर्गाला कळलं की मुंबईपासून पाऊणशे किलोमीटरवर गुलामी नांदते आहे. ती उघडी वेठबिगारी बरीच ओसरली. उचलीतून मात्र सुटका झाली नाही, कारण कायदा साखळी तोडू शकतो, श्रावणातल्या रिकाम्या डब्यात तांदूळ घालू शकत नाही. सरकारी खावटी, म्हणजे पावसाळ्यात खाण्यापुरतं मिळणारं कर्ज, हा त्यावरचा जुना उपाय. २०२० मध्ये ती कर्जाऐवजी अनुदान म्हणून जाहीर झाली, कुटुंबामागे ४ हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे शिध्याच्या रूपात. चांगलंच झालं. पण वर्षातून एकदा, तेही सरकारी गतीने येणारी मदत मुकादमाच्या टेम्पोशी शर्यत जिंकत नाही.

इथे वनधनचं गणित उपयोगी पडतं. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या विजापूरला योजनेची सुरुवात झाली. रचना साधी आहे: वीस जणांचा एक बचत गट, असे पंधरा गट मिळून तीनशे लोकांचं एक केंद्र, आणि केंद्राला सुमारे १५ लाख रुपये, प्रशिक्षण, अवजारं आणि खेळतं भांडवल यांसाठी. महाराष्ट्रात शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ ही योजना चालवतं. त्यात खरी किमया खेळत्या भांडवलाची. माल आणून टाकला की पैसे लगेच मिळणार, कंपनीचा धनादेश येईपर्यंत थांबायचं नाही, हे एकदा पक्कं झालं की बाई उचल घेण्याआधी दोनदा विचार करते. पूर्वीही जंगलातला माल विकला जायचा. पण तो गावातल्या दुकानदाराला, मिठा-मिरचीच्या बदल्यात, तो म्हणेल त्या वजनाने.

काम कसं चालतं तेही बघण्यासारखं आहे. वेल मुळासकट उपटायची नाही. वरचं जाड, रसरशीत खोड तोडायचं आणि खालचा भाग ठेवायचा. खाली लोंबणारी मुळं जमिनीला टेकली की ती पुन्हा धरते. खोडाचे बोटभर तुकडे करून आठ-दहा दिवस वाळवायचे. बुरशी धरली की सगळं पोतं परत. त्यामुळे भर पावसात तोडलेली वेल अंगणात वाळत नाही, छप्पर लागतं, ताडपत्री लागते, जाळी लागते. शहापूरला मालाची बांधणी आणि शिक्का मारण्यासाठी शेड उभी राहिली ती याच गरजेतून. औषध कंपनीला आयुर्वेदापेक्षा आर्द्रता किती याची काळजी जास्त असते. रानातलं ज्ञान आणि गोदामातली शिस्त ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि दुसरं शिकण्यात या तरुणांचा घाम जास्त गेला असणार.

आता दुसरी बाजू. साथ ओसरली, काढा थंडावला. त्यातच २०२० च्या अखेरीस मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं म्हटलं. वाद वैद्यकातला आहे, तो वैद्यकानेच सोडवावा. पण शहापूरच्या पाड्याला त्यातून धडा मिळतो: भीतीवर उभी राहिलेली मागणी भीती गेली की बसते. एका वेलीवर वाडी जगत नाही. मोह, हिरडा, बेहडा, आवळा, जांभूळ, मध, पळसाची पानं असं बारमाही गणित बसवावं लागतं. दादरच्या फूलबाजारात हारांना गुंडाळायला लागणारी पळसपानं याच पट्ट्यातल्या बायका रात्रीच्या लोकलने नेतात. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता ते फळ झाडावर चढून काढणाऱ्याच्या पदरात त्या मानांकनातलं किती पडतं, हे पाहिलं पाहिजे.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: वेल कुणाची? जंगल वनखात्याचं असेल तर गुळवेल तोडणारा कायम परवानगीचा भुकेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलावर जगणाऱ्यांना दिली. २०१२ च्या सुधारित नियमांनी त्यावर प्रक्रिया करण्याचा, तो गाडीतून बाहेर नेऊन विकण्याचा अधिकार स्पष्ट केला, आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. यातही वैयक्तिक दावा वेगळा, सामूहिक वेगळा. वैयक्तिक दाव्यात कसणाऱ्याला शेतीचा तुकडा मिळतो, सामूहिक दाव्यात गावाला अख्खं जंगल राखायचा आणि वापरायचा अधिकार. ठाण्यात लोकांचा जीव पहिल्यावर जास्त जडला; जमिनीच्या कागदासाठी पिढ्या गेल्यात, त्यात नवल नाही. पण वनोपजाचा धंदा दुसऱ्यावरच उभा राहतो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या ग्रामसभेच्या परवान्याने बांबू विकला. अमरावतीतल्या पायविहीरने उजाड टेकडी राखून तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात आणली, संयुक्त राष्ट्रांचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. या दोन्ही गावांत आधी ग्रामसभा बसली, माल नंतर आला. कोणती झाडं तोडायची नाहीत, कोणत्या भागाला यंदा विश्रांती, किती तोडलं तर दंड, हे त्यांनीच ठरवलं. शहापूर तालुका संपूर्ण, आणि मुरबाड-भिवंडीतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला तसाही वरचा मान आहे. मागणी वाढली की वेल ओरबाडणारे बाहेरचे येतात. तेव्हा त्यांना अडवायला कागदावर हक्क असलेली ग्रामसभा लागते. निव्वळ बचत गट पुरत नाही.

जंगल टिकलं तर हे सगळं. पण शहराला जंगलाकडून काढ्याखेरीज पाणीही हवं असतं. तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी मुंबई-ठाण्याला पोचतं आणि त्याच शहापुरातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही तिथली म्हण आता बातम्यांचा मथळा झाली आहे. मुरबाडमधलं काळू धरण तर महानगर प्रदेशातल्या वाढत्या शहरांची तहान भागवण्यासाठीच आखलेलं. सुमारे हजार हेक्टर वनजमीन त्यात जायची. वनमंजुरी नसतानाच २०११ मध्ये काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालय गाठलं, २०१२ मध्ये काम थांबलं. योजना कागदावरून पुसली गेलेली नाही, अधूनमधून पुन्हा चर्चेत येते. आपण वनधन केंद्राचं उद्घाटन करायचं आणि त्याच जिल्ह्यातलं वन पाण्याखाली घालायचं, हे एकाच सरकारी छत्राखाली चालू शकतं. त्यावर कुणी खुलासाही मागत नाही.

शहराने स्वतःच्या हद्दीत करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि तिला धरण थांबवण्याइतकं धाडस लागत नाही. मे सरता सरता ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर रानभाज्या येतात, आधी शेवळं. मागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली. या भागातली सीकेपी घरं शेवळांची वर्षभर वाट बघतात. कोळंबीतलं शेवळं म्हणजे त्यांचा पावसाळ्याचा सणच. शेवळं घशाला खाजतात, म्हणून विकणारी बाई जुडीबरोबर न मागता आंबट काकडं देते आणि कशात किती घालायची, दांड्याचा कोणता भाग टाकायचा, हेही सांगते. ती भाजी विकते, अनुभव फुकट देते. वर्षभरात तिच्या हाती मधल्या कुणाशिवाय रोख येण्याचे हेच दिवस. ही रोख घरात असेल तर श्रावणात मुकादमाला ‘नको’ म्हणता येतं.

पण २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीनंतर स्टेशनच्या १५० मीटर परिघात फेरीवाले नकोत, हा नियम उच्च न्यायालयाने उचलून धरला. गर्दीच्या जागी माणसं चिरडून मरू नयेत, हे बरोबरच. मात्र पहाटेच्या कसारा लोकलने डोक्यावरून गाठोडं आणणारी बाई दीडशे मीटरच्या पलीकडे कुठे बसणार, हे कुणी ठरवलं नाही. पथारी पसरली की पालिकेची गाडी येते, माल उचलला जातो. दंड भरून तो सोडवेपर्यंत शेवळं सुकलेली असतात. वर्षाला एकदा कृषी खात्याचा रानभाजी महोत्सव भरतो, फोटो निघतात. महोत्सव एका दिवसाचा, भूक चार महिन्यांची.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीला जागा आणि वेळ ठरवून देण्याची मुभा आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी जून ते सप्टेंबर एवढ्यापुरती, सकाळी दहापर्यंत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर रानभाजी आणि वनोपज विक्रीची जागा नेमून द्यावी. डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह, आणि वनधन केंद्रांच्या मालाला तिथेच एक गाळा. खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा कमी येईल. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सांगा. तोवर शेवळांची जुडी घेताना घासाघीस करू नका.